बल्ब का जळतो? उष्णतेचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत आम्ही एक विचित्र निरोप दिला होता. येताना घरातले जळालेले एलईडी बल्ब घेऊन या, फेकू नका. काही जण हसले. संघटनेने आता भंगाराचा धंदा काढला का, असेही कोणी विचारले. आज हे टेबलाशेजारी युरियाचे पोते दिसते ना, ते बल्बांनी भरले आहे. त्यातल्या बहुतेकांच्या खोक्यावर छापले होते, २५,००० तास चालेल. रोज सहा तास दिवा लावला तर वर्षाचे २,१९० तास होतात. म्हणजे बल्ब अकरा वर्षे चालायला हवा. पोरगी पहिलीत गेली तेव्हा लावलेला बल्ब ती बारावीला जाईपर्यंत जळायला नको. आणि आपल्या घरी तो दिवाळीला लावला की पोळ्याला गेला.

हे कोणाचे पाप? कंपनीचे, वीजवाल्यांचे, की आपले? आम्ही शेतकी पदवीधर. पदवीच्या अभ्यासात कपाशीची मुळे किती खोल जातात ते शिकलो, बल्बाच्या पोटात काय असते ते कोणी शिकवले नाही. ते आम्हाला दोन वर्षांपूर्वी शिकावे लागले, आणि एका शेतकऱ्याचे नुकसान करून शिकावे लागले. ती गोष्ट पुढे सांगू. आधी पोते उघडू.

जुना पिवळा बल्ब तुम्हाला ठाऊक आहे. आत तार, ती तापून पांढरी होते, तेव्हा उजेड पडतो. ६० वॅट खाल्ले तर त्यातले पन्नासावर वॅट उष्णतेत जायचे. पण ही उष्णता जायची कशी? शेकोटीची आच जशी समोर बसलेल्याला लागते तशी, किरणांच्या वाटेने काचेबाहेर. बल्बाला तापायची भीती नव्हती, तापणे हेच त्याचे काम होते.

एलईडीचे तसे नाही. त्यात तार नाही, तिळाएवढा स्फटिकाचा तुकडा आहे. त्याला चिप म्हणतात. त्यातून वीज एका दिशेने गेली की तो निळा उजेड देतो, आणि वर पिवळ्या पावडरीचा थर असतो, त्यामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. हा निळा उजेड काढणे फार अवघड होते. लाल उजेडाचा एलईडी अमेरिकेत १९६२ साली झाला. निळ्यासाठी आणखी तीस वर्षे गेली, आणि ते काम करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ९ वॅटचा हा बल्ब साधारण ९०० ल्युमेन उजेड देतो, जुना ६० वॅटचा सातशेच्या आसपास द्यायचा. वर्षाला जुना बल्ब १३१ युनिट खायचा, हा २० खातो. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, आम्ही एलईडीच्या विरोधात नाही. दर वर्षी एक फेकावा लागला तरी हिशेबात तो जुन्यापेक्षा परवडतो. पण अकरा वर्षांचे पैसे घेऊन एक वर्षाचा माल देणे, हा व्यवहार आपल्याला ओळखीचा आहे. बियाण्याच्या पिशवीवरची उगवणशक्ती आणि वावरात दिसणारी उगवण यांतले अंतर आपण पाहिलेले आहे.

आता नीट ऐका. ९ वॅटमधले साधारण ३ वॅट उजेडात जातात, ६ वॅटची उष्णता होते. सहा वॅट म्हणजे काही नाही, असे वाटेल. पण ही उष्णता किरणांच्या वाटेने समोर जात नाही. ती तिळाएवढ्या तुकड्यात तयार होते आणि तिला मागच्या बाजूने, धातूतून सरकत सरकत बाहेरच्या हवेपर्यंत यावे लागते.

तुम्ही ओली ज्वारी पोत्यात भरून थप्पी लावून ठेवली आहे कधी? चौथ्या दिवशी पोत्यात हात घातला तर चटका बसतो. दाणा श्वास घेतो, थोडी थोडी उष्णता सोडतो. तोच दाणा अंगणात पातळ पसरला असता तर ही उष्णता कळलीही नसती. थप्पीत तिला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ती साचते आणि ज्वारी काळी पडते. ओल्या कापसाच्या गंजीचेही तेच. उष्णता किती तयार झाली यापेक्षा ती किती अडली, हे महत्त्वाचे. बल्बाचा सगळा प्रश्न एवढाच आहे.

विजेवाले लोक हा अडथळा अंशांत मोजतात. दर वॅट उष्णतेमागे चिप बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश जास्त तापते, तो आकडा. समजा एका बऱ्या बल्बात तो १० आहे. सहा वॅट गुणिले दहा, म्हणजे चिप हवेपेक्षा ६० अंशांनी गरम. कंपनीच्या प्रयोगशाळेत हवा २५ अंशांची, म्हणून चिप ८५ वर. ठीक आहे, तिला ते सोसते. आता तोच बल्ब आपल्या घरी आणा. पत्र्याचे छप्पर, वाश्याला चिकटून होल्डर. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो आणि पत्रा दिवसभर तापलेला. खाली बाजेवर बसलेल्या माणसाला वारा लागत असेल, पण गरम हवा वर चढते आणि पत्र्याखाली साचून राहते. संध्याकाळी सातला तिथे ४५ धरायला हरकत नाही. ४५ आणि ६० मिळून १०५.

आणि हा बरा बल्ब. पोत्यातले हे दोन बल्ब आम्ही करवतीने कापले आहेत, पुढे पाठवतो, हातात घेऊन बघा. एकाच्या अंगात पांढऱ्या रंगाखाली अॅल्युमिनियमचा जाड पेला आहे. दुसरा बाहेरून हुबेहूब तसाच, पण आत नुसते प्लास्टिक आणि वर पत्र्याची पातळ चकती. अॅल्युमिनियम उष्णता वाहून नेते ती साध्या प्लास्टिकच्या जवळजवळ हजारपट. पहिला पाट, दुसरा बांध. या दुसऱ्याचा अडथळा दहाच्या जागी पंधरा धरला तर ९० अंशांची भर, म्हणजे पत्र्याखाली चिप १३५ वर. अशा चिपा साधारण ११५ ते १२५ अंशांपर्यंतच चालवायच्या असतात. दुकानात करवत नेता येत नाही, पण हातात घेऊन वजन तरी बघता येते. बारदाना चाचपून माल ओळखणारी माणसे आपण, बल्बही चाचपून घ्यावा.

पण खरी गंमत पुढे आहे. पोत्यातले जे बल्ब आम्ही उघडले, त्यातल्या कित्येकांत चिप जिवंत होती. मेला होता तो वेगळाच. बल्बाच्या मानेत, जिथे होल्डरमध्ये बसतो तिथे, एक छोटी पाटी असते. घरातली वीज उलटसुलट वाहणारी, २३० व्होल्टची. चिपेला हवी एकाच दिशेची आणि मोजून मापून. एका चिपेला जेमतेम ३ व्होल्ट लागतात, आणि त्यात थोडीशी वाढ झाली तरी ती कितीतरी जास्त प्रवाह ओढते. वर आणखी खोड अशी की तापली की तेवढ्याच व्होल्टवर ती आणखी प्रवाह ओढते, म्हणून आणखी तापते, म्हणून आणखी ओढते. दारुड्यासारखे. तिला आवर घालायला ही पाटी असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. त्या पाटीवर बोराच्या बीएवढे एक डबडे असते, कॅपॅसिटर. मोटारीच्या स्टार्टरजवळचा कॅपॅसिटर तुम्ही पाहिला आहे, हा त्याचा धाकटा भाऊ, पण जातीने वेगळा. याच्या आत ओलावा असतो, रासायनिक द्राव. उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. द्राव सुकला की कॅपॅसिटर मेला, आणि बल्ब लुकलुकायला लागतो.

आता त्या डबड्यावर बारीक अक्षरात काय छापले आहे ते भिंग लावून वाचा. ४०० व्होल्ट, आणि पुढे १०५ अंश किंवा ८५ अंश. या डबड्याचा कारखान्यात ठरलेला आयुष्याचा आकडा असतो, समजा २,००० तास. पण हे २,००० तास त्या छापलेल्या तापमानाला. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट, हा या धंद्यातला ठोकताळा आहे. १०५ चा कॅपॅसिटर ९५ वर ४,००० तास, ८५ वर ८,०००, ७५ वर १६,०००, ६५ वर ३२,०००. बल्बाच्या मानेत हवेपेक्षा ४० अंश जास्त धरा. प्रयोगशाळेत २५ आणि ४०, पासष्ट. बत्तीस हजार तास. म्हणजे खोक्यावर २५,००० छापणारा खोटे बोलत नाही! आपल्या पत्र्याखाली ४५ आणि ४०, पंच्याऐंशी. आठ हजार तास. त्याच बल्बाचे, त्याच कॅपॅसिटरचे आयुष्य पाव झाले, आणि कोणीच काही खोटे बोलले नाही. आता त्याने पैसा वाचवायला १०५ च्या जागी ८५ चा घातला असेल, तर तो आपल्या घरी बरोबर छापलेल्या तापमानावर आहे. दोन हजार तास. अकरा महिने. दिवाळी ते पोळा म्हटले ते उगाच नाही. रात्र चढली की हवा उतरते, हिवाळ्यात आणखी उतरते, म्हणून काही बल्ब दोन-तीन वर्षे ओढतात.

प्रयोगशाळेतले उत्पन्न आणि वावरातले उत्पन्न. आमच्या जुन्या विद्येतही हेच चालायचे. ओलिताच्या प्रक्षेत्रावर काढलेला एकरी आकडा कोरडवाहूच्या माथी मारायचा आणि कमी आले की शेतकरी आळशी. आकडा खरा असतो, जागा खोटी असते.

दहा अंशांचा हा नियम तुम्हाला नवा नाही. मोटारीच्या वाइंडिंगलाही तो लागू आहे, दहा अंश जास्त तापली की तारेवरच्या वेष्टनाचे आयुष्य अर्धे. व्होल्टेज ४१५ चे ३५० झाले आणि पंपाला तेवढेच पाणी उचलायचे असले, तर प्रवाह १८ ते १९ टक्के वाढतो, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे ४० टक्क्यांनी. रिवायंडिंगवाल्याच्या दुकानासमोर आपल्या मोटारी रांगेत का बसतात, ते यात आले. त्यावर गेल्या वर्षी बोललो आहोत, आज नाही.

दुसरे मरण अपघाती. गावठाणात कधी असे होते, एका रात्रीत आळीतले सगळे बल्ब, टीव्ही, मोबाइलचे चार्जर उडतात आणि पलीकडच्या घरी गिरणी मात्र घरघरत अडखळते. लोक म्हणतात, वीज जास्त आली. जास्त आलेली नसते, न्यूट्रल तुटलेला असतो. डीपीवरून तीन फेज निघतात आणि परतीची एक सामाईक तार, ती न्यूट्रल. ती तुटली किंवा तिचा जोड गंजला की दोन वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांच्या मागे जोडली जातात, आणि त्यांच्यात वाटायला येतात ४०० व्होल्ट. ज्या घरी मोठे यंत्र चालू, तिथे कमी पडतात. ज्या घरी नुसता एक बल्ब, त्याच्या वाट्याला जवळपास सगळे. गरिबाच्या घरी जास्त, ही वाटणी मात्र निसर्गनियमाने होते. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर ३२५ असते, ते ४०० च्या डबड्यात मावते. ४०० व्होल्टच्या विजेचे शिखर ५६६. मावत नाही. डबडे फुटते. पोत्यात ज्यांचे डोके फुगलेले किंवा उसवलेले आहे, ते कॅपॅसिटर असे गेलेले असण्याची शक्यता मोठी. त्यांचा दोष बल्बवाल्यावर लावू नका.

इथे जमिनीचाही संबंध आहे, आणि हे आमच्या विषयातले. डीपीजवळ अर्थिंगचा खड्डा असतो. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हात आत जाईल एवढ्या भेगा. अर्थिंगच्या सळईला धरून बसलेली माती आकसते आणि सळई मोकळी पडते. वर ती माती कोरडी, कोरड्या मातीतून वीज धड जात नाही. म्हणजे रोहिणी-मृगाच्या पहिल्या कडकडाटाच्या वेळी, जेव्हा अर्थिंग सगळ्यात जास्त लागते, तेव्हाच ते सगळ्यात वाईट असते. मे महिन्यात त्या खड्ड्यात पाणी पडले पाहिजे. ते वीजवाल्यांचे काम आहे, त्यांच्याकडून करून घ्यायचे. आपण कुंपणाच्या आत हात घालायचा नाही, हे पुन्हा पुन्हा सांगतो. व्होल्टेज किती खालीवर व्हावे याची मर्यादाही काही नवी नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच घरगुती पुरवठ्याला सहा टक्क्यांची मर्यादा घातलेली होती. २३० ला सहा टक्के म्हणजे २१६ ते २४४.

आता ती गोष्ट.

एका सभासदाकडे सौर पंप बसला. ३ अश्वशक्तीचा, ३,००० वॅटची पॅनले. पॅनलच्या खांबाला पश्चिम बाजूने एक पेटी टांगलेली, कंट्रोलर. आम्ही दसऱ्याच्या सुमारास गेलो होतो. पाऊस उघडला होता, पण परतीच्या पावसाचा नेम नसतो. पेटीचे झाकण सैल होते. त्याने विचारले, साहेब, पाणी जाईल का हो आत? आम्ही पदवीधर. आम्ही म्हणालो, खताचे पोते गुंडाळ वरून, सुतळीने घट्ट बांध. त्याने बांधले. पाऊस आला नाही. आले ते ऑक्टोबरचे ऊन. पऱ्हाटीला बोंडे भरायची वेळ, जमिनीतली ओल सरत आलेली, दोन संरक्षित पाणी दिले असते तर भागले असते. पंप दुपारी बारानंतर बंद पडायचा, संध्याकाळी पुन्हा चालायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी कायमचा बंद झाला. पुरवठादाराचा माणूस आला, पोते पाहिले, फोटो काढला आणि म्हणाला, वापरात चूक, गॅरंटी नाही. पंप सुरू व्हायला महिना लागला. त्या महिन्यात वरची बोंडे वाळली. ते पोते आम्ही बांधायला लावले होते.

त्या पेटीत काय असते? बल्बातल्या चिपेचीच मोठी भावंडे, वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारी. त्यांच्यावरून मोटारीची सगळी वीज जाते. शंभरातले तीन-चार वॅट वाया गेले तरी ३,००० मागे शंभर वॅटची उष्णता, पितळी डब्याएवढ्या जागेत. म्हणून पेटीच्या पाठीला अॅल्युमिनियमच्या उभ्या पात्या असतात. त्या उभ्या का? हवा तापली की वर जाते, खालून थंड येते, पात्यांमधून धुरांड्यासारखी वाट मिळते. आम्ही त्या धुरांड्याचे तोंड युरियाच्या पोत्याने बांधले. पंप दुपारी बंद पडायचा तो बिघडून नाही. आत तापमान मोजणारा कण असतो, तो सांगत होता की आता सोसवत नाही. पऱ्हाटी भर दुपारी पाने टाकते ना, तशी मान टाकत होती ती पेटी. आम्ही पऱ्हाटीचे दुखणे पानावरून ओळखतो, पेटीचे ओळखले नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे सौर पंप आहेत त्यांनी एवढे ऐका. पेटी पॅनलच्या सावलीत, उत्तरेच्या बाजूला हलवून मागा. बसवणारा आला असेल तेव्हाच मागा, नंतर तो येत नाही. पात्या उभ्या राहिल्या पाहिजेत, मागे वीतभर जागा मोकळी पाहिजे. पावसासाठी वर पत्र्याची टोपी चालेल, अंगाला काही गुंडाळायचे नाही. पात्यांतली धूळ आणि कोळ्यांची जाळी पंधरा दिवसांनी कोरड्या ब्रशने काढा, पंप बंद करून. आणि भर उन्हात पाणी कमी का येते म्हणून घाबरू नका. पॅनलवरचा आकडाही २५ अंशांचा असतो. पॅनल एका अंशामागे सुमारे ०.४ टक्के वीज गमावते. उन्हात पॅनल ६५ वर गेले की चाळीस अंशांचे १६ टक्के गेले, ३,००० चे २,५२० राहिले. हे बिघाड नाही. पण दुपारी बंद, संध्याकाळी चालू, असे दिसले की पेटीला हात लावून बघा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार टाका.

दुरुस्तीबद्दल दोन शब्द. आठवडी बाजारात बल्ब दुरुस्त करून देणारी पोरे बसतात, वीस रुपयांत. मेलेल्या चिपेवर काळा ठिपका दिसतो. चिपा एकापाठोपाठ ओवलेल्या असतात, एक मेली की माळ बंद. ती पोरे ठिपकेवाली चिप डाग देऊन वगळतात. बल्ब लागतो, पण ज्या उष्णतेने पहिली मेली ती तिथेच आहे, दुसरी रांगेत उभी. किंवा ते आतली सगळी पाटीच बदलून ‘डीओबी’ पाटी घालतात, ज्यात चिपा आणि ड्रायव्हर एकाच चकतीवर. स्वस्त असते. पण त्यात जास्तीचे व्होल्टेज उष्णतेतच जिरवले जाते, आणि ती उष्णता चिपांच्याच अंगावर. आम्ही त्या पोरांना नावे ठेवत नाही. हातात विद्या आहे, पोट भरतात, आणि आमच्या पोत्यातले निम्मे बल्ब उघडायला त्यांनीच शिकवले.

भावाचे विचाराल, तर २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना देशभर सुरू झाली. सरकारी घाऊक खरेदीत बल्बाचा भाव २०१४ साली ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ३८ वर आला. आठव्या हिश्शावर. एवढी मोठी खरेदी एकत्र केली की भाव पडतो, हे सरकारला बल्बाच्या बाबतीत बरोबर कळले. खुल्या बाजारात मात्र त्या भावाला गाठायला कोणी अॅल्युमिनियम काढले, कोणी १०५ चे ८५ केले. खोक्यावर मानक संस्थेची खूण आणि आयएस १६१०२ हा आकडा आहे का बघा. पावती मागा. पावती नसेल तर गॅरंटी हा शब्द नुसता शब्द आहे. पावती असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. एका बल्बासाठी कोणी जाणार नाही, कंट्रोलरसाठी जावे. त्या सभासदाची तक्रार आम्ही लिहून दिली आहे, आणि त्यात पोत्याची हकीकत लपवलेली नाही. पेटी पश्चिमेच्या उन्हात बसवली कोणी, आणि गुंडाळू नका असे मराठीत कुठे लिहिले होते, एवढाच आमचा प्रश्न आहे. निकाल यायचा आहे.

आता कामाचे. प्रत्येक तालुका शाखेने एक मल्टीमीटर घ्यायचा आहे, पाचशे रुपयांच्या आत येतो. वापरायचा कसा ते जेवणानंतर मागच्या खोलीत दाखवू, वायरमनची परीक्षा झालेले आपले दोन कार्यकर्ते आहेत, त्यांच्याशिवाय कोणी प्रयोग करू नये. गावठाणातल्या तीन घरांत, तीन वेगळ्या फेजवर, सायंकाळी सात वाजता आणि रात्री दहा वाजता व्होल्टेज मोजून वहीत लिहायचे, महिनाभर, तारखेसह. एका घरी २६० आणि शेजारी १९० असे दिसले तर त्याच रात्री मेन स्विच खाली करा आणि लाइनमनला न्यूट्रल बघायला सांगा. वह्या पुढच्या बैठकीला आणा. आणि यापुढे बल्ब लावताना त्याच्या मानेवर खुणेच्या पेनाने तारीख लिहा. पोत्यातल्या बल्बांवर तारीख असती तर आज आम्ही अंदाजाने बोललो नसतो.